पाकिटातले केस

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर माझ्याबद्दल चांगलंच ऐकलं असेल — तोच तर घोळ आहे.

आधी वैशालीबद्दल सांगू द्या. माझी बायको. माहेर जळगावचं, त्यामुळे लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी आमच्या शिरपूरच्या भरताला नावं ठेवते. वांगं नाही, पाणी आहे म्हणते. आणि पुन्हा घेऊन येते, भाजते, चार माणसांना पुरेल इतकं करते. अशी बाई. हातात घेतलेलं काम सोडायचं नाही. मी त्याच्या अगदी उलट — कुठलंही काम दुसऱ्याच्या गळ्यात कसं पडेल, हे बघणारा. शिंदखेड्याकडच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हीच मला हसाल.

आमची जान्हवी, जानू, तेव्हा पाच वर्षांची होती. एक शब्द बोलत नव्हती. स्वमग्नता आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझी आई म्हणायची, "बोलस नही ते नही, पन पोरले बठ्ठं समजस." खरंच, सगळं समजायचं. मी शाळेतून आलो की गाडीचा आवाज ओळखून दाराशी यायची, माझ्या खिशातला पेन काढायची आणि त्याचं टोपण टकटक वाजवत बसायची. माझे किती पेन गेले म्हणता! पण मला काय वाटायचं ते कसं सांगू? दिवसभराचा शीण जायचा.

वैशालीने तिच्यासाठी नोकरी सोडली. मोबाईलवर अशा मुलांच्या आईबापांचा एक ग्रुप होता, तिथे तिला कुणीतरी सांगितलं — मुलांच्या अंगात शिसं, पारा साठतो, तो बाहेर काढला की मुलं बोलायला लागतात. आधी केसांची तपासणी. मग शिरेतून औषध, त्याला चिलेशन म्हणतात. बाहेरगावचा एक माणूस महिन्यातून एकदा धुळ्यात येऊन हे करायचा.

मला पटलं नव्हतं. मग तसं म्हणायचं ना सरळ? काय बिघडलं असतं? पण जानूला थेरपीला कोण नेत होतं? वैशाली. रात्रंदिवस चित्रांची कार्डं कोण कापत होतं? वैशाली. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो! आणि खरं सांगू — नाही म्हटलं आणि उद्या पोरगी बोललीच नाही, तर ते माझ्यामुळे झालं असतं. ती भीती होती.

तपासणीचं पाकीट आलं, तेव्हा वैशालीला दोन दिवस माहेरी जावं लागलं. काम माझ्यावर आलं. मानेजवळचे, मुळापासून, चमचाभर केस — तिने तीनदा सांगितलं. जानूला कात्री दिसली की आकांत, म्हणून दुपारी ती झोपल्यावर मी कापले. शांत झोपली होती हो. मानेवर घामाचे थेंब.

आणि मग... ते केस मी खिडकीतून फुंकून दिले. आरशासमोर गेलो, माझ्या मानेवरचे केस कापले आणि पाकिटात भरले.

का? मला वाटलं, मी चाळिशीचा ठणठणीत माणूस. माझा रिपोर्ट स्वच्छ येईल, आणि हे खूळ आपोआप घराबाहेर जाईल. भांडण नाही, वाद नाही, वाईटपणा नाही. केवढा हुशार मी!

रिपोर्ट आला तो लालभडक. शिसं जास्त. पारा जास्त. वैशाली कागद छातीशी धरून रडली — दुःखाने नाही, आनंदाने. कारण सापडलं म्हणून.

तरी मी दोघींना घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, केसांवरून असं काही ठरत नाही. केसांना धूळ लागते, शाम्पू लागतो, डाय लागतो. शंका असेल तर रक्त तपासा. आणि अंगात नसलेलं विष काढायला हे औषध दिलं, तर ते रक्तातलं कॅल्शियमच ओढून नेतं, मूत्रपिंडावर येतं, हृदयावर येतं. डाय! मी दर दोन आठवड्यांनी दुकानातली पुडी आणून केस काळे करत होतो. विज्ञानाचा मास्तर! वैशाली म्हणाली, "सर, जानूला कुठला आलाय डाय?" डॉक्टर म्हणाले, तरीही रक्त तपासा. पण धुळ्याच्या त्या माणसाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की जुनं विष रक्तात दिसतच नाही.

ती आंधळी नव्हती, हे मला ठासून सांगायचंय. घरी येऊन तिने वही काढली, एका बाजूला धोका लिहिला, एका बाजूला आशा. तीन दिवस ती वही ओट्यावर उघडी होती. धोक्याची बाजू मोठी होती. दुसऱ्या बाजूला एकच भारी ओळ — रिपोर्टमध्ये विष आहे. चौथ्या दिवशी तिने गॅस बंद केला आणि मला विचारलं, "तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणाला तर नाही. मी पुन्हा विषय काढणार नाही."

एवढं सोपं करून दिलं होतं तिने. आणि मी म्हणालो, "तू म्हणशील तसं."

पहिली सलाईन पार पडली. दुसऱ्या वेळी जानू हलायला लागली म्हणून वैशालीने तिचा हात दाबून धरला. मी गाडी सावलीत लावतो सांगून बाहेर आलो होतो. गाडी सावलीतच होती. घरी येताना जानूची बोटं वाकडी होऊन आखडली, ओठ थरथरायला लागले, मग सगळं अंगच. गाडी वळवून दवाखान्यात नेली. कॅल्शियम फार खाली गेलं होतं. दोन दिवस आम्ही काचेतून तिच्याकडे बघत उभे होतो. रक्तात शिसं वाढलेलं नव्हतं. पोरगी वाचली. आज अकरा वर्षांची आहे, धडधाकट आहे, आणि शब्द नसले तरी तिचं घरावर राज्य आहे.

पण वैशालीच्या मनातून तो हात गेला नाही. "मी दाबून धरलं तिला," हे ती झोपेत म्हणायची. नातेवाईक तिला बोलले. मी तिची बाजू घेतली. एका शब्दाने तिला दोष दिला नाही, आणि लोकांनी मला डोक्यावर घेतलं — नवरा असावा तर सरांसारखा. सासूबाई अजून म्हणतात. मी खाली बघतो, तर त्यांना तो विनय वाटतो.

गेल्या महिन्यात जळगावला अशा पालकांचा मेळावा होता. वैशाली व्यासपीठावर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. वही, रिपोर्ट, हात. म्हणाली, मी चुकले, तुम्ही आधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा. आवाज एकदाच कापला. मला इतका अभिमान वाटला तिचा की डोळे भरून आले. मग संयोजकांनी माझ्या हातात माईक दिला. शे-दीडशे आईबाप समोर. मी म्हणालो, "अशी आई मिळायला नशीब लागतं." टाळ्या पडल्या.

येताना अमळनेरच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी घेतली. जानू दही-पोळी खात होती. वैशालीने घास हातात धरला आणि तसाच ठेवला.

"एक बोलू? इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं हो — वैशाली, तुझं चुकलं. म्हणाला असता, तर मी सुटले असते. तुम्ही इतके चांगले वागता ना, की मला स्वतःला माफच करता येत नाही."

मी म्हणालो, "जेव आधी. गार होतंय."