आक्काची म्हैस आणि माझी बाटली

मी बेळगावात कॉलेजवर रसायनशास्त्र शिकवतो. पहिल्याच तासाला मुलांना ऐकवायचो, "विज्ञानात श्रद्धेला जागा नाही. तपासा, मग बोला." मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि मला लई भारी वाटायचं. हल्ली ते वाक्य तोंडातून निघत नाही.

उचगावला माझी थोरली आक्का असते. दाजींनी परसात बोअर मारली, पाणी भरपूर लागलं. नवं पाणी आधी जनावरापुढं ठेवायचं ही आक्काच्या घरची रीत. तिचा फोन आला, "म्हस तोंड लावंना झालीया रं. हुंगतीया आणि मान फिरवतीया. शेजारी विहिरीचं ठेवलं की बादली रिकामी."

"म्हशीला कुठल्या विद्यापीठानं पदवी दिलीय, आक्का?" मी म्हणालो आणि रविवारी स्कूटर काढून पाणी घेऊन आलो.

प्रयोगशाळेच्या कपाटात पाणी तपासायच्या बाटल्यांचा खोका होता. बाटलीत पूड असते. पाणी भरून उबेला ठेवायचं. पाण्यात मैला मिसळला असेल तर दोन दिवसांत ते काळं पडतं. आक्काचं पाणी तसंच राहिलं. मी कागदावर 'पिण्यास योग्य' लिहिलं, खाली ऐटीत सही ठोकली आणि नेऊन दिला. शेजारच्या संडासाचा खड्डा बोअरपासून वीसेक पावलांवर होता, तो मी जाताना-येताना बघितला होता. तरीही.

"मास्तर म्हणत्यात म्हंजे झालं," दाजी म्हणाले. आक्कानं कागद देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. त्या दिवसापासून घरची माणसं बोअरचं पाणी प्यायला लागली. म्हशीला मात्र आक्का विहिरीचंच आणून पाजायची.

दीड-दोन महिन्यांनी दाजींना कावीळ झाली. साधीसुधी नव्हे, ते माणसं ओळखेनात. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी औषधांची चिठ्ठी उचलून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच खोक्यातल्या एका बाटलीत गटारीचं पाणी भरलं. दोन दिवस गेले, तीन गेले. बाटली काळी पडली नाही. खोका उलटा करून बघितला तर मुदत कधीच संपलेली.

हे आधी करायचं असतं. घाण पाणी घालून बाटली चालते का ते बघायचं, मग दुसऱ्याचं पाणी तपासायचं. मुलांना दरवर्षी मीच सांगतो. तसं बघितलं तर आम्ही सगळं विश्वासावरच चालवतो. वजनकाटा, औषधं, खोक्यावरचा छाप, सगळं कुणीतरी आधी पारखलं असेल असं धरूनच. पण जिथं बघायचं होतं तिथंच मी डोळे झाकले. खरी तपासणी आक्कानं केली होती, दोन बादल्या आणि एक म्हैस घेऊन. मी तिची थट्टा केली.

मी फोन करून सांगितलं, "बोअर बंद ठेवा, पाइप गंजलाय." खोटं बोललो. लाज वाटते लिहिताना.

दाजी वाचले. महिन्याभरानं घरी आले, अंगावर कातडं तेवढं उरलेलं. आक्का मला चुलीपाशी घेऊन गेली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माझंच चुकलं रं. बोअर मारताना गावदेवीला नारळ फोडायचा ऱ्हायला. तिचाच कोप हा."

तेव्हा सांगायचं होतं. शब्द जिभेवर आलते. आणि मी, श्रद्धेला जागा नाही म्हणणारा मी, म्हणालो, "व्हय आक्का, तसंच असंल."

मंगळवारी ओटीची टोपली धरून मी तिच्या मागोमाग देवळात गेलो. ती दोन्ही गाल बडवून माफी मागत होती. मी मागं उभा होतो. घरी आल्यावर तिनं अंगारा आधी दाजींच्या कपाळाला लावला, मग देव्हाऱ्यातल्या माझ्या कागदाला.