गिरणीच्या जाळीवरचे रुपये

तिसावं नाणं भिंगाखाली धरलं, तेव्हा माझी खात्री झाली. या नाण्यालाही घासल्याच्या रेषा होत्या. केसांपेक्षा बारीक, गोल गोल फिरलेल्या. एकोणतीस नाण्यांवर त्या दिसल्या तेव्हा मी स्वतःला सांगत होते की प्रकाशाचा दोष असेल.

समोर नाना बसले होते. शिरपूरजवळच्या एका गावात त्यांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. आता गिरणी बंद आहे आणि नाना अठ्ठ्याहत्तरचे. शेजारी नाशिकहून खास सुट्टी काढून आलेला त्यांचा मुलगा संजयभाऊ. दाराशी, उंबऱ्यावर, नानांची बायको. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं.

"मॅडम, बोला ना," संजयभाऊ म्हणाले. "चांगलं आहे ना कलेक्शन?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता. तरी मी प्यायले.

मी जळगावात एका नाण्यांच्या ऑफिसात काम करते. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. मालक सर आहेत, एक हिशेबनीस आहेत आणि मी. लोक जुनी नाणी घेऊन येतात. आम्ही ती ओळखतो, वजन करतो, फोटो काढतो, यादी करतो आणि लिलावाला पाठवतो. या यादीला आम्ही कॅटलॉग म्हणतो. हे काम मला आवडतं, कारण त्यात बोलावं कमी लागतं. शाळा इंग्लिश मीडियमची झाली, घरी आम्ही साधं शहरी मराठी बोलतो, आणि गावात कोणी अहिराणीत काही विचारलं की मला कळतं सगळं, पण उत्तर घशातच राहतं.

नानांच्या नाण्यांचे फोटो संजयभाऊंनी व्हॉट्सॲपवर पाठवले होते. एकशे त्रेसष्ट नाणी, बहुतेक चांदीचे रुपये, लख्ख चमकत होते. सरांनी बजावलं होतं, "जायच्या आधी फोन कर. नाणी कधी धुतली का, ते विचार." मी मेसेज केला, "Sir, are the coins in original condition?" संजयभाऊंचं उत्तर आलं, "100% original." माझं समाधान झालं. फोन करायचा राहिला.

का विचारायचं, ते सांगते. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षांत काळपट, निळसर थर चढतो. त्याला टोनिंग म्हणतात. आपल्याला तो मळ वाटतो. संग्राहकाला तो नाण्याच्या वयाचा पुरावा वाटतो, आणि तो त्याचेच पैसे मोजतो. नाणं घासलं की थर जातो आणि तो परत आणता येत नाही. मग त्या नाण्याला लिलावात कोणी हात लावत नाही. राहतं ते चांदीचं वजन. म्हणजे सराफ, आणि सराफाची मूस.

नेमकी त्याच मुशीची नानांना धास्ती होती. सकाळी आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं होतं, "मला पैसा नको. माझ्यामागे हे आटवायला जाऊ नयेत, एवढंच बघा. जो जपेल त्याला द्या."

मी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "नाना, ही नाणी कोणी... साफ वगैरे केली का?"

उत्तर दारातून आलं. आणि फार आनंदाने आलं.

"बठ्ठा मीच घासस ना! दर धनतेरसले. चिंच आनि राख लाईसन. चमकतस ना?"

मला जे सांगायचं होतं ते मी नानांकडे बघून, हळू आवाजात आणि निम्मं इंग्लिशमध्ये सांगितलं. मार्केट व्हॅल्यू. सर्फेस. ऑक्शन. संजयभाऊंना सगळं कळलं.

"आई! तू वाट लावली सगळी!"

"काय व्हयनं?" अक्का म्हणाल्या. "मन्हं काही चुकनं का?"

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मी वजनकाटा बंद केला. तो आधीच बंद होता.

मग नाना हसले. आधी खांदे हलले, मग आवाज आला.

"संज्या, तुझ्या आईने चाळीस धनतेरसा हे घासले. मी समोर खुर्चीत बसून पाहिले. तिला राख मीच आणून द्यायचो. वाट लावली असेल तर दोघांनी लावली. आता चहा कर म्हणावं, आणि मॅडमला खालचं खोकं दाखवू."

खालच्या खोक्यात चिठ्ठ्या होत्या.

या चिठ्ठ्यांसाठी आधी एक रीत सांगावी लागेल. त्या भागात खळ्यावर धान्याची रास पूजतात तेव्हा राशीत एक चांदीचा रुपया ठेवत. रास कोठीत गेली की रुपयाही कोठीत. पुढच्या वर्षी तोच नव्या राशीत. कधीतरी दळण काढताना तो धान्याबरोबर उचलला जायचा आणि गिरणीवर यायचा. नानांनी दळण ओतायच्या तोंडावर एक लोखंडी जाळी बसवली होती. रुपया तिच्यावर टण्णकन पडायचा. नाना गिरणी थांबवून निरोप धाडायचे. पण गिरणीत गेलेला रुपया परत कोठीत ठेवायचा नाही, असं गाव मानायचं. मग नाना त्या घराला चांदीचाच दुसरा रुपया द्यायचे आणि जुना ठेवून घ्यायचे. पिठाच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर लिहायचे.

मी एक चिठ्ठी उचलली. "बापू धनगराची ज्वारी." दुसरी. "सुपडूभाऊ. बाजरी. पोरीचं लग्न होतं, दळण चार पायल्या." तिसरी. "भिका अण्णाचे गहू. रुपया दिसताच म्हातारी रडली."

एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या. अक्का दरवर्षी नाणी धुवून चादरीवर वाळत घालत, प्रत्येकाच्या खाली त्याची चिठ्ठी, वर खडा. एकही अदलाबदल झाली नव्हती. मी मुद्दाम तपासलं. नाणं दाखवलं की अक्का चिठ्ठी न बघता घर सांगायच्या. "हाई शांतारामना घरनं. काठले टोला शे, दख." खरंच कडेला खाच होती. हे काम आमच्या ऑफिसात आम्ही बारकोड लावून करतो आणि तरी चुकतो.

आमच्या धंद्यात याला प्रोव्हेनन्स म्हणतात. नाणं कोणाकडून कोणाकडे आलं, त्याचा माग. एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यातून आलेलं असेल तर भाव चढतो. बापू धनगराच्या ज्वारीतून आलेल्या नाण्याचा भाव चढत नाही. मी ते तसंच सांगितलं.

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "लिलावातल्या माणसाला बापू काय माहीत?"

मग मी एक वाक्य बोलले. मला वाटतं त्या दिवसातलं माझं पहिलं न अडखळता बोललेलं वाक्य.

"ज्यांना बापू माहीत आहेत, असं कोणी आहे का अजून?"

अक्का उंबऱ्यावरून उठून आत आल्या. "बापूनी पोर शे ना. यमुना. रावेरले दियेल शे. आखाजीले येई."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, दोनचार दिवस सासर विसरतात. नानांच्या चिठ्ठ्यांवरची घरं पडली, विकली गेली, भावांमध्ये वाटली गेली. लेकी मात्र दर आखाजीला येतच होत्या.

"बाबा, त्या उद्या नेतील सराफाकडे," संजयभाऊ म्हणाले. "तेच होईल."

"संज्या, तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा माहेरची मूठभर तूर पदराला बांधून आली होती. तिने ती खाल्ली का?"

"नाही."

"शिजवली?"

"डबीत आहे अजून."

"मग झालं. ज्या घरचा रुपया, त्या घरच्या लेकीला."

परत निघताना नानांनी गिरणीचं कुलूप काढून मला ती जाळी दाखवली. जाळीच्या चौकटीच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. मी पेन्सिलने टोकरून काढलं. रुपया! होळकरांचा, मधोमध सूर्याचा चेहरा असलेला. काळा, निळसर, कडेला जांभळी झाक. गिरणी बंद व्हायच्या आधी कधीतरी अडकलेला. कोणाचा, ते नानांना सांगता येईना. चिठ्ठी नव्हती आणि त्याला कधी चिंच लागली नव्हती.

"नाना, याला लिलावात खरंच चांगली किंमत येईल," मी म्हटलं. "फक्त याला हात लावू नका. आहे तसा राहू द्या."

नानांनी मान हलवली. मी तो रुमालात बांधून त्यांच्या हातात दिला. अक्का तेव्हा माझ्यासाठी वाटेत खायला दशम्या बांधत होत्या.

ऑफिसात सरांनी रिपोर्ट वाचला.

"एकशे त्रेसष्ट नाणी. लिलावाला शून्य. तू तिथे नेमकं काय केलंस?"

"यादी केली, सर. घरवार."

"आणि बिल?"

"एका नाण्याचं येईल, सर. होळकरी आहे. अनक्लीन्ड."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "एक तर एक," म्हणाले.

आखाजीला नानांनी बोलावलं. मी सुट्टी टाकली, चोपड्यामार्गे बसने गेले. यादी माझ्याकडे होती, त्यामुळे नाव पुकारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शंभरेक माणसांसमोर. पहिली पाच नावं मी पुटपुटले. मागून एक आजी ओरडल्या, "पोरी, पोट भरेल नही का? मोठ्यानं बोल!" सगळे हसले, मीही हसले, आणि सहावं नाव गिरणीपर्यंत ऐकू गेलं.

गिरणीच्या ओट्यावर चादर, चादरीवर नाणी, उन्हात डोळे दिपतील अशी. अक्कांनी आदल्या दिवशी परत घासली होती. कोणाला टोनिंग हवं नव्हतं. यमुनाताईंनी रुपया घेतला, चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठीच आधी ब्लाउजमध्ये ठेवली. "बापूंचं नाव लिहिलंय," एवढंच म्हणाल्या. भिका अण्णांच्या दोन लेकी एका रुपयावरून भांडल्या आणि शेवटी एकीने रुपया घेतला, दुसरीने चिठ्ठी. दोघींनाही आपण जिंकलो असं वाटलं. नाना खुर्चीत बसून प्रत्येकीला धान्य विचारत होते. "तुमच्याकडे बाजरी होती ना? हिरवट, बारीक?" चूक निघाली की लेकी दटावायच्या, "नाना, दादर ज्वारी होती, दादर!" आणि नाना ती चूक मनापासून मान्य करायचे.

दुपारपर्यंत एकशे एकोणीस गेली. उरलेल्यांची घरं गाव सोडून गेली होती. ती पुढच्या आखाजीपर्यंत अक्कांच्या ताब्यात. संजयभाऊंनी त्यांचा पत्ता काढायला एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, आणि त्यावर आता मला रोज सकाळी शुभेच्छा येतात.

निघताना अक्कांनी मला आत बोलावलं. माझ्या तळहातावर एक रुमाल ठेवला. रुमाल माझ्या ओळखीचा होता.

"ले बेटा. हाऊ तुन्हा. यानं घर सापडनं नही, आते तुन्हं घर. काळा पडेल व्हता बिचारा. तीन येळा घासा, तव्हय उजळना."

मी रुमाल सोडला. सूर्य असा काही चमकत होता की त्याच्या मिशा दिसत होत्या.

मागे नाना उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "हिला सांगायचंच राहिलं!"

मी अक्कांना म्हटलं, "खूप छान उजळलाय." अहिराणीत म्हणायचा प्रयत्न केला होता. त्या हसल्या, त्यावरून तो फसला असावा.

सरांना दुसऱ्या दिवशी रुपया दाखवला. त्यांनी भिंग लावलं, रेषा बघितल्या, भिंग ठेवलं.

"चिंच?"

"आणि राख, सर."

त्यांनी बिलाचा कागद शांतपणे फाडला.

रुपया माझ्या टेबलाच्या खणात आहे. चिठ्ठी मीच लिहिली, पिठाच्या पिशवीच्या कागदावर. आणि आता कुठल्याही घरी नाणी बघायला गेले, की मालकाशी बोलायच्या आधी मी स्वयंपाकघरात जाते आणि विचारते, ही घासतं कोण.