पाठीमागे वाजलेला आसूड

मला बाजारात कुणी हात धरून आणलं नाही. कळंबहून अनवाणी चालत, दुसऱ्यांची जनावरं हाकत हाकत मी बैलांचा व्यापारी झालो. म्हणून ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा कानांपेक्षा बाजारातल्या जागेची भीती आधी वाटली.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नसे. त्यामुळे उपरण्याखाली मी पहिल्याइतकाच तरबेज होतो. अडचण व्हायची उपरणं काढल्यावर. सौदा झाला की चहा यायचा, चेष्टामस्करी चालायची. सगळे हसले की मीही हसायचो, पण जरा उशिरा. मग वाटायचं, हे माझ्यावरच हसले नसतील ना? दोघंजण बाजूला बोलताना दिसले की मी उगाच कुणावर तरी खेकसायचो. लग्नाच्या पंगतीला जाणं मी सोडलं. बायकोने विचारलं की म्हणायचो, वेळ नाही.

धंद्यात माझ्याबरोबर मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला बाजार मीच शिकवला.

एका बाजाराला मढ गावचा एक शेतकरी आमची खिलारी जोडी पाहत होता. मी त्याच्यासमोर, मेहुणा माझ्या मागे. एकाएकी दोन्ही बैलांनी कान टवकारले. शेतकरी दचकून मागे सरला. त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि परत माझ्या तोंडावर येऊन थांबली. मी वळलो. मेहुण्याच्या हातात आसूड होता.

बैल घेण्याआधी त्याच्या मागे आसूड वाजवून बघतात. कान हलला नाही तर बैल बहिरा. ही पारखही त्याला मीच शिकवली होती.

मी त्याची गचांडी धरली. तो माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून ओरडला, "दाजी, काल पेठ गावाजवळ लारी मागनं बोंबलत व्हती. तुमी सडकेवरनं हटला न्हाई. मला घाम फुटला! खात्री नको करायला?"

"मग घरी करायची व्हती! गिऱ्हाइकासमोर माझा बैल केलास?"

शेतकरी माणूस भला होता, त्या भलेपणानेच घात केला. "जाऊ द्या पावणं," असं काहीसं म्हणत तो पुढे आला आणि माझ्या कानात जोडीचा भाव ओरडून सांगितला. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. बाजारात कुणी कुणाचा भाव उघडा करत नाही. त्याने केला, माझी दया येऊन.

"वरडू नका राव!" मी म्हणालो. "माझी बोटं न्हाई भैरी झाली!"

मी त्याचा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. बोटं सगळं बरोबर सांगत होती, पण रागात मी ती गरजेपेक्षा जोरात दाबली, आणि तो राग त्याच्या हाताला कळल्याशिवाय राहिला नसेल. सौदा त्याने मोडला नाही. चहाला मात्र मी थांबलो नाही.

परतताना सडकेवर मी सारखा मागे वळून पाहत होतो. दर वेळी मेहुणा तिथेच दिसायचा. लारी येईल त्या अंगाने, माझ्या मागोमाग. का चालतो आहे ते मला कळत होतं. तरी मी पावलं भराभर उचलली. बैलालासुद्धा आम्ही आधी बाजूला नेऊन तपासतो; मला त्याने भर बाजारात तपासलं. तो राग अजून गेलेला नाही.

पुढच्या बाजाराला मढचा शेतकरी पुन्हा आला. मला रामराम केला आणि हात मेहुण्यापुढे धरला. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. कुणी मागे उभं राहू नये म्हणून बाजारातल्या कडुलिंबाच्या खोडाला पाठ लावली, हातावर उपरणं टाकलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत उभा राहिलो.