जावेची सरळ गाजरं

थोरलीला स्वतःच्या शेतापेक्षा जावेचं शेत जास्त दिसायचं. सासऱ्यांनी जमिनीचे दोन सारखे तुकडे केले होते, मध्ये फक्त एक बांध. दोघी गाजरं लावायच्या. धाकटीची सरळसोट निघायची, थोरलीच्या गाजरांना फाटे फुटायचे आणि मुळांवर गाठी यायच्या. बाजारात गिऱ्हाईक तिची जुडी उचलून पुन्हा खाली ठेवायचं अन् शेजारच्या टोपलीकडे वळायचं, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मामंजींनी झुकतं माप धाकट्यालाच दिलं," ती नवऱ्याला म्हणायची.

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आपली तूच उचललीस," तो म्हणायचा.

एकदा धाकटी बांधापाशी येऊन म्हणाली, "ताई, यंदा थंडीतच बी टाका. माती तापायची वाट बघू नका."

थोरलीला वाटलं, ही माझं बी गारठवून मारायला निघालीय. ती मुद्दाम ऊब येईपर्यंत थांबली. पुन्हा फाटेच निघाले, तेव्हा तिने सरळ शेतांची अदलाबदल मागितली. भांडायची सगळी तयारी केली होती. पण धाकटी "चालेल" म्हणाली आणि थोरलीच्या जिवाला तेही लागलं.

पुढच्या थंडीत धाकटी थोरलीच्या जुन्या शेतात कुडकुडत पेरत होती. थोरली खिडकीतून बघून मनात हसली. मग ऊन तापलं, तिने मोठ्या हौसेने जावेच्या त्या सोन्यासारख्या जमिनीत बी टाकलं. काढणीला पहिलंच गाजर तीन पायांचं निघालं. बांधापलीकडे धाकटी सरळ गाजरांच्या जुड्या बांधत होती.

थोरली दोन्ही शेतांची माती घेऊन माती तपासणाऱ्या बाईंकडे गेली.

"दोन्हीकडे सूत्रकृमी आहेत," बाई म्हणाल्या. "नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे. माती गार असेपर्यंत त्यांची अंडी सहसा फुटत नाहीत. ऊब लागली की पिल्लं निघतात आणि कोवळ्या मुळात शिरतात. तुमचं गाजर नेमकं तेव्हाच कोवळं असतं. थंडीत पेरलेलं तोवर खोल गेलेलं असतं. तुमच्या जावेला मी हे मागेच सांगितलं होतं. ती बोलली नाही?"

थोरलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बोलली होती," ती कशीबशी म्हणाली.

पुढच्या वर्षी दोघींनी थंडीतच पेरलं. थोरलीची गाजरं बहुतेक सरळ आली, चार-दोन फाटे सोडले तर. तिचं समाधान दुपारपर्यंत टिकलं. मग ती बांध ओलांडून गेली, जावेचं एक गाजर उपटलं आणि आपल्या गाजराला लावून पाहिलं. जावेचं बोटभर लांब होतं.

"लांब आहे, पण बारीक आहे," थोरली म्हणाली.

"असेल," धाकटी म्हणाली. "घेऊन जा ताई, घरी खायला होईल."

थोरलीने ते गाजर पदरात टाकलं आणि जाता जाता आणखी एक उपटून पाहिलं.