चिकूच्या वाडीतली द्राक्षं

मी निफाडची, द्राक्षातली. आमच्याकडे मुलीला बोलता यायच्या आधी वेलीवरचा भुरी रोग कसा ओळखायचा ते कळतं. २०१४ साली लग्न होऊन घोलवडला आले आणि सासरची वाडी पाहिली, तर जिकडे तिकडे चिकू. या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकू आणि बांधाला नारळ. या झाडांना कुणी कात्री लावत नाही, कुणी उपाशी ठेवत नाही. आळ्यात पाणी सोडायचं आणि बांबूच्या टोकाला जाळी बांधलेल्या बेडणीने फळ उतरवायचं, की झालं. मला तर हे शेती कमी आणि पेन्शन जास्त वाटलं, आणि तसं मी पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना बोलूनही दाखवलं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, नवरा डहाणूला शाळेत शिक्षक, त्यामुळे दिवसभर वाडीत आम्ही दोघंच आणि जवळच्या वेवजीहून येणारी गडीमाणसं. बाबा फार कमी बोलणारे. माझं पेन्शनचं ऐकून ते नुसते हसले आणि झाडाला पाणी सोडायला निघून गेले. फळ धरलेलं झाड तहानलेलं ठेवायचं नाही, हा त्यांचा एकच नियम होता. देवपूजा एखादे दिवशी चुकेल, पण पाणी नाही.

लग्नाआधी मी नाशिककडच्या एका वायनरीत लॅबमध्ये होते. तिथल्या मुख्य वाईनमेकरना आम्ही साहेब म्हणायचो. महा खवचट माणूस, पण त्यांच्या जिभेला तोड नव्हती. दुपारी काम आटोपलं की आमच्यापुढे ग्लास मांडायचे आणि कुठली वाईन ते ओळखायला लावायचे. सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या उन्हातली वाईन जड, घसा तापवणारी. बंगळूरजवळच्या डोंगरातली लाल वाईन मऊ, कारण तिथे उन्हाचा आणि थंडीचा दोन्हींचा अतिरेक नाही. आणि नाशिकची पांढरी चांगली चटकदार, कारण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आमच्याकडे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते, पण आंबटपणा टिकतो आणि काळ्या द्राक्षाला रंग चढतो तो गार रात्रींमुळे, हे त्यांनी आमच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसवलं होतं. थंड देशांत वेली बर्फात झोपतात. आपल्याकडे वेलीला झोप नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची, एप्रिलला नव्या काडीसाठी आणि ऑक्टोबरला फळासाठी. एका देशात किती तऱ्हेच्या वाईन होतात बघा, आणि सगळा खेळ हवेचा.

हे सगळं शिकलेली मी, आणि तरी समुद्राला खेटून असलेल्या वाडीत द्राक्ष लावायचं मनात घेतलं. का? कारण कुणी लावलं नव्हतं म्हणून. माझा स्वभावच तसा आहे, आणि मला तो आवडतो.

वाडीच्या पूर्वेच्या कोपऱ्यातले चिकू जुने होऊन वठले होते. वाडी बाबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची सामाईक. काका रेल्वेतून निवृत्त होऊन डहाणूत राहायचे आणि त्यांचा त्या कोपऱ्यावर केव्हापासून डोळा होता. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक समुद्रावर येतात, त्यांच्यासाठी तिथे कॉटेज बांधायच्या, असा त्यांचा बेत. मी द्राक्षांचं नाव काढल्यावर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबांनी त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, की सूनबाईला तीन पिकं घेऊ दे. तेवढ्यात पिण्याजोगी वाईन झाली तर कोपरा द्राक्षाचा, नाही तर कॉटेजचा. काका म्हणाले, कबूल, पण चव मी बघणार. मी म्हटलं, बघा की. मनात म्हटलं, या माणसाला मी दुसरा ग्लास मागायला लावणार.

२०१५च्या सुरुवातीला जंगली द्राक्षाचे खुंट लावले, पावसाळा सरता सरता त्यावर कलमं भरली. सगळी काळी द्राक्षं, लाल वाईनची. गावातले लोक कुंपणाशी थांबून बघायचे. वेली मात्र अशा माजल्या की मला निफाडला फोन करून मिरवावंसं वाटलं, आणि मी मिरवलंच. पहिलं पीक २०१७च्या फेब्रुवारीत आलं आणि माझी मस्ती उतरली. आधी दमट हवेत भुरीने निम्मे घड खाल्ले. उरले ते पिकले, गोड झाले, मऊ झाले, पण काळे होईनात. एकाच घडात एक मणी जांभळा, एक गुलाबी, एक हिरवा. मी रोज सकाळी जाऊन बघायची आणि रोज तेच. घोलवडला जानेवारीतही पंखा एकवर लागतो, रंग चढणार कुठून!

तरी क्रेट भरून टेम्पो जव्हारच्या घाटाने नाशिकला पाठवला. साहेबांनी प्रयोग म्हणून वायनरीत त्याची वेगळी छोटी वाईन केली आणि काही महिन्यांनी मला बोलावून चाखायला दिली. फिकट चहासारखी दिसत होती आणि चवीला सपक, ढिली, जिभेवरून नुसती घरंगळत गेली. साहेब म्हणाले, उपटून टाक आणि चिकू लाव, तिथल्या हवेला तेच पटतं.

मला राग आला, पण रडूबिडू आलं नाही. परतीच्या वाटेवर विचार केला, की रंग येत नाही तर मी रंगाच्या मागे का लागलेय? नाशिकची वाईन घोलवडला करायचा हट्ट माझा, यात वेलीचा काय दोष? इथे रात्री गार नाहीत, म्हणजे आंबटपणा लवकर पळतो. मग तो पळायच्या आधीच घड उतरवायचे. कच्चे नाहीत, पण पुरते पिकलेलेही नाहीत. रंगासाठी साल फार वेळ रसात ठेवायचीच नाही. मग होईल ती हलकी, गुलाबी, उकाड्यात गार करून प्यायची वाईन. इथल्या हवेत माणसाला तेच तर हवं असतं. इथले लोक ताडीसुद्धा पहाटेची ताजी पितात, ऊन चढून आंबली की नको म्हणतात. दुसऱ्याच दिवशी साहेबांना फोन केला. ते फोनवर दहा वेळा छे छे म्हणाले आणि शेवटी म्हणाले, बरं, पाठव.

दुसरं पीक मी डोळ्यात तेल घालून वाढवलं. वारा खेळावा म्हणून पानं विरळ केली, ओळी मोकळ्या ठेवल्या, आणि भुरीला जवळ फिरकू दिलं नाही. तोडणीच्या आधी द्राक्षाचं पाणी तोडतात, म्हणजे मणी फुगत नाही आणि रस दाट राहतो. तसं मी ठिबकचा कॉक बंद केला, गड्यांना बजावलं आणि भावाच्या मुलीच्या बारशाला निफाडला गेले. बाबांना वेगळं सांगायचं काही कारणच नव्हतं. ते माझ्या कोपऱ्यात कधी पाऊलसुद्धा टाकत नसत.

परत आले तर बाबा फाटकातच उभे. चेहऱ्यावर असा आनंद, की मी पहिल्यांदाच बघत होते. मला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेले आणि म्हणाले, बघ, कशी टपोरी झालीत. मला एका नजरेत कळलं. मी गेल्यापासून ते रोज पाणी सोडत होते, आणि मालकाचा हात गडी कुठून धरणार. फळ लागलेल्या वेली तहानलेल्या त्यांना बघवल्या नव्हत्या. मण्यांच्या साली तडकल्या होत्या, गांधीलमाश्या घोंगावत होत्या आणि अख्ख्या मांडवाखाली व्हिनेगरसारखा आंबूस वास पसरला होता. चिकूला जे केलं असतं तर वाडीचं नाव झालं असतं, ते त्यांनी द्राक्षाला केलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माझं अख्खं वर्ष बुडवलंत."

हे मी मोठ्याने म्हटलं, गड्यांच्या देखत. बाबांनी एक घड हातात घेतला, फुटलेले मणी बघितले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता. आठवडाभर मी त्यांना जेवायला वाढायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. मग एके दिवशी माझा मलाच कंटाळा आला आणि मी त्यांना पाणी का तोडतात ते समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, की आमचं आयुष्य पाणी घालण्यात गेलं गो.

काकांना खबर लागलीच. ते दोन पाहुणे घेऊन टेप लावायला आले. मोजमाप करून दाखवत होते, कुठे अंघोळीच्या खोल्या, कुठे झोपाळा. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, काका, मोजा निवांत, एक पीक बाकी आहे माझं.

तिसऱ्या पिकाची गोष्ट लांबड न लावता सांगते, कारण जे नीट होतं त्यात सांगण्यासारखं फार नसतं. २०१९च्या जानेवारीच्या अखेरीस, उजाडताना, मणी नुसते लाजल्यासारखे गुलाबी असताना आम्ही घड उतरवले. पाणी तोडल्यापासून बाबा पश्चिमेच्या चिकूत जाऊन बसायचे. म्हणायचे, दिसलं नाही की बरं. तोडणीच्या दिवशी मात्र आपणहून क्रेट उचलायला आले.

वाईन तयार झाली तेव्हा आषाढ निम्मा सरला होता. काकांनी निरोप धाडला, की जे काय दाखवायचं ते श्रावणाच्या आत दाखवा, नंतर मी घेत नाही. म्हणजे बघा, परीक्षकालाच गटारी साधायची घाई. साहेब स्वतः बाटल्या घेऊन आले. बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही पडवीत. नवऱ्याने भजी तळून घेतली होती. बाबा आयुष्यात ताडीच्या पुढे गेले नाहीत, ते एका कडेला खुर्ची घेऊन बसले. मी ताठ बसले होते.

मी पहिला घोट घेतला आणि मला कळलं, की जमलं. हलकी होती, गुलाबी होती, जिभेच्या कडांना आंबट लागत होती आणि घोट गिळल्यावर पुन्हा घ्यावासा वाटत होता. साहेब बराच वेळ तोंडात घोळवून म्हणाले, ही नाशिकची नाही, आणि नाही हेच तुझं नशीब. त्या माणसाच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही. काकांनी ग्लास संपवला. भजं खाल्लं. मग ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी काठोकाठ भरला. काका म्हणाले, ठीक आहे, हरलो, कोपरा द्राक्षाचा.

तेव्हा बाबा बोलले. "द्राक्षाचा नाही. हिचा. तो कोपरा माझ्या वाट्यात धर आणि हिच्या नावावर चढवायला तू सही दे."

काकांचा हात थांबला. सुनेच्या नावावर, आणि तेही तू असताना, असं काहीतरी ते पुटपुटले. बाबा म्हणाले, सगळं विचारून झालंय, डहाणूच्या वकिलांकडे कागदही तयार आहे. लग्नाच्या आदल्या महिन्यात माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडावर मी सही करून आले होते. भावांसाठी, हसत हसत, सगळ्या मुली करतात तशी. माझ्या नावाची वीतभर माती या जगात कुठे असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

काकांनी विचारलं, वकिलांकडे कधी गेला होतास?

"गेल्या दिवाळीच्या आधी," बाबा म्हणाले. "हिने छाटणी केली ना, त्याच आठवड्यात. वेलींवर तेव्हा एक पानसुद्धा नव्हतं."