चिझुरुची शांत मूत्रपिंडं

नागानोच्या डोंगरात बस चालवणाऱ्या चिझुरु मियासाकाचा घसा धरला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. कंपनीच्या तपासणीत लघवीत रक्त दिसलं होतंच, पण दुखतखुपत नाही म्हणून तिने ते मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र ती घाबरली.

मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासला. डॉक्टर हिराबायाशी म्हणाल्या, "तुमच्या अंगातली रोगाशी लढणारी प्रथिनंच मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून बसलीत. घसा बिघडला की हे भडकतं, म्हणून टॉन्सिल काढू, मग स्टेरॉइड देऊ. आणि मीठ कमी."

मीठ म्हटल्यावर चिझुरुला सासूबाई आठवल्या. किनुएबाईंचं पाल्याचं खारवलेलं लोणचं गावभर वाटलं जाई. इस्पितळातून परतल्यावर चिझुरुने लोणच्याची वाटी बाजूला सारली, मिसोचं खारट सूपही अर्धंच घेतलं.

"माझ्या हातचं नकोसं झालं का गं?" सासूबाई फुरंगटल्या. कित्येक दिवस धड बोलल्या नाहीत.

पुढच्या तपासणीला चिझुरु त्यांना सोबत घेऊन गेली. डॉक्टरांसमोर म्हाताऱ्या किनुएबाई खाली मान घालून म्हणाल्या, "माझ्या लोणच्यानेच झालं ना हिला?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "लोणच्याने हा आजार होत नाही. थकलेल्या मूत्रपिंडांवरचा भार कमी करायचा, एवढंच."

किनुएबाईंनी डोळे पुसले. एवढे दिवस त्या रुसल्या नव्हत्या, धास्तावल्या होत्या, हे चिझुरुला तेव्हा कळलं.

टॉन्सिल काढून झाले, मग स्टेरॉइडने तिचा चेहरा गरगरीत झाला. रोजची एक आजी बसमध्ये चढताना म्हणाली, "सासर चांगलंच मानवलेलं दिसतंय!"

"सासूबाई उपाशी ठेवतात हो," चिझुरु म्हणाली आणि सगळी बस हसली.

हळूहळू लघवीतलं रक्त गेलं, लघवीतून जाणारी प्रथिनंही जवळपास थांबली. "आजार गेला म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण शांत झालाय. मूत्रपिंडांना जपणारी रक्तदाबाची गोळी आणि तपासण्या मात्र चुकवू नका." तिने त्या चुकवल्या नाहीत. वर्षं गेली, चिझुरुच्या केसांत पांढरं आलं, ती बस चालवतच राहिली.

गेल्या वसंतात उशियामा नावाच्या सहकाऱ्याला हाच आजार निघाला. डेपोत तिच्याशेजारी बसून त्याने हळूच विचारलं, "ताई, शेवटी डायलिसिसच ना?"

"काहींना लागतं, खोटं कशाला सांगू," ती म्हणाली. "पण तुझं वेळेवर सापडलंय. टॉन्सिल काढल्यावर आइसक्रीम मात्र मनसोक्त खाऊन घे. मी खाल्लं होतं."