चार ड्रम आणि न लागणारा नंबर

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही," असं फोनमधल्या बाईनं मला चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. मी पुन्हा कागद बघितला. नंबर बरोबर होता. म्हणजे कागदावर होता तोच मी लावत होते. ज्या माणसाला मला गाठायचं होतं त्याच्याकडे आमच्या कंपनीचे चाळीस ड्रम गेले होते. त्यातले चार जायला नको होते.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत स्टोअर्स ऑफिसर आहे. कच्चा माल आला की तो मोजून घेणं, ठेवणं, प्लांटला देणं हे माझं काम. त्याच्याच शेपटाला दुसरं काम लागलेलं आहे. कंपनीला नको असलेल्या वस्तू विकणं. जुने पंप, मोटारी, पाइप, रिकामे ड्रम. पूर्वी दोन-तीन भंगारवाले ठरलेले असायचे. आता सगळं ऑनलाइन लिलावात जातं. आम्ही वस्तूंचा एक गट करतो, त्याला लॉट म्हणतात. वेबसाइटवर फोटो टाकतो. लोक घरबसल्या बोली लावतात. सगळ्यात वरच्या बोलीवाल्याला एच-वन म्हणतात. तो वेबसाइटवरच पैसे भरतो, आमच्याकडे डिलिव्हरी ऑर्डर येते, गाडी येते, माल जातो. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंडही बघायची गरज नाही. सोय म्हणून ही फार चांगली आहे.

आमचे निळे प्लास्टिकचे ड्रम महाड-पोलादपुरात घरोघरी दिसतील. कुणी त्यात भात ठेवतं, कुणी पाणी. म्हणून ते विकण्याआधी आम्ही तीनदा धुतो, तपासतो आणि वरच्या कडेखाली हिरव्या रंगाचा पट्टा मारतो. हिरवा पट्टा म्हणजे ड्रम साफ. पट्टा नसलेला ड्रम म्हणजे तळाशी वाटीभर केमिकल असू शकतं. तो गेटबाहेर जातो तो फक्त नष्ट करायला. आमच्या त्या केमिकलचं नाव लांबलचक आहे. एवढंच सांगते, की हाताला लागलं तर फोड येतात आणि पोटात गेलं तर माणूस वाचेलच असं नाही.

त्या दिवशी सकाळी यार्डात फेरी मारताना मला शेडच्या कोपऱ्यात हिरव्या पट्ट्याचे चार ड्रम दिसले. ते तिथे असायला नको होते, कारण लॉट आदल्या दुपारी गेला होता. मी पलीकडच्या ताडपत्रीखाली बिनधुतलेले मोजले. चार कमी. गाडी भरताना माणसांना शेडमधले छत्तीसच दिसले असणार, आणि उरलेले चार त्यांनी ताडपत्रीखालून उचलले असणार. गेटपासवर सही माझी होती. मी चाळीस मोजले होते. आकडा मोजला, पट्टे बघितले नाहीत.

प्लांट मॅनेजर नाडकर्णी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि एका दमात सांगून टाकलं.

"घेणाऱ्याला फोन केलात?"

"नंबर अस्तित्वात नाही म्हणतं. ईमेल केला, तो परत आला."

"पत्ता?"

"एका झेरॉक्सच्या दुकानाचं नाव, बाजारपेठ, पोलादपूर. एवढाच."

साहेब उठून उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

वेबसाइटच्या हेल्पलाइनवरच्या मुलानं सगळं नम्रपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, दुसरा नंबर असेल तरी आम्ही देऊ शकत नाही. तक्रार नोंदवून घेतो. दोन दिवसांत उत्तर येईल."

"अहो, त्यात कुणी पाणी भरेल!"

"तातडीची म्हणून नोंदवतो."

पोलादपूर पोलिसांनाही फोन केला. तिथल्या हवालदारांनी नीट विचारलं, "कुठलं गाव?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "गाव कळलं की लगेच सांगा, माणूस पाठवतो." आमच्या लॅबमधला एकजण पोलादपूरहून येतो. त्यानं भावाला बाजारपेठेत पिटाळलं. भावाचा फोन आला, की दुकान पंधरवड्यापूर्वीच बंद झालंय आणि मालक मुंबईला गेलाय. मग उलगडा झाला. गावातली माणसं अशा दुकानात जाऊन ऑनलाइन फॉर्म भरून घेतात. दुकानदारानं बोलीसाठी नाव नोंदवताना स्वतःचाच नंबर, स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच पत्ता टाकला होता. दुकान गेलं, सिम गेलं. खरा घेणारा कुठेच नव्हता.

राहिलं गेटचं रजिस्टर. सिक्युरिटीवाला प्रत्येक गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल लिहितो. पान उघडलं. टेम्पो, ड्रायव्हरचं नाव दिलीप, गाव दासगाव, आणि मोबाइल. मी आकडे मोजले. नऊ.

"दहावा कुठाय?" मी विचारलं.

"मॅडम, रकाना संपला," सिक्युरिटीवाला म्हणाला.

खरंच संपला होता. नववा आकडाच रेघेवर चढला होता. म्हणजे गेला तो शेवटचा. शेवटचा आकडा शून्य ते नऊ यांतलाच असणार. मी गेटवरच्या स्टुलावर बसले आणि शून्यापासून सुरुवात केली.

शून्य बंद होता. एकवर कुणीतरी हिंदीत "कौन?" विचारून ठेवून दिला. दोनवरच्या गृहस्थांनी मी कर्ज द्यायला फोन केलाय असं समजून मला झापलं. तीन वाजत राहिला. चारवर एक आजी होत्या. त्यांना मी त्यांची सून वाटले आणि त्या माझी चौकशी करू लागल्या. त्यांचा फोन मधेच ठेवणं जिवावर आलं. पाच, सहा काही नाही. सातवर मागे दगड आपटल्याचा आवाज आला.

"दिलीप का? काल एमआयडीसीतून ड्रम भरले होतेस?"

"होय. का वो?"

मी स्टुलावरून उठलेच. "कुठे उतरवलेस?"

"पोलादपूरच्या वर, घाटाच्या वाटेला एक वाडी हाय. बचत गटाच्या बायांनी घेतलेत. मी आता नाते गावात चिरे खाली करतोय. काय झाला?"

"त्यांचा फोन आहे तुझ्याकडे?"

"थय रेंजच नाय, मॅडम. आणि आज दुपारी त्यांचा पान्याचा टँकर येनार हाय. त्यासाठीच तर घाई करून ड्रम नेलेत."

अकरा वाजून गेले होते. पोलिसांना गाव कळवलं. त्यांचा माणूस तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होता, निघतो म्हणाले. नाडकर्णी साहेबांनी जीप दिली आणि सेफ्टीचे शिर्के बरोबर दिले. हातमोजे, जाड पिशव्या आणि शेडमधले ते हिरव्या पट्ट्याचे चार ड्रम टपावर बांधून आम्ही निघालो. दिलीपनं रस्ता फोनवर इतका नीट सांगितला, की कुठेही चुकलो नाही. पोलादपूरच्या पुढे वळणं सुरू झाली. शिर्के काहीतरी बोलत होते. मला फक्त टँकर दिसत होता.

आणि तो खरंच दिसला. वाडीच्या तोंडाशी उभा. रस्त्याच्या कडेला निळ्या ड्रमांची रांग, आणि जाड पाइप एका ड्रममध्ये सोडलेला.

मी जीप थांबायच्या आत उतरले. "थांबा! पाणी बंद करा!"

पन्नासेक माणसं माझ्याकडे बघायला लागली. रांगेच्या पुढे असलेली एक उंच बाई आली. बचत गटाच्या अध्यक्ष, सुमनताई सकपाळ. हीच माझी एच-वन.

"कोन तुमी?"

"ज्या कंपनीतून ड्रम आणलेत, तिथून आलेय."

मागून एक म्हातारी म्हणाली, "बघ गो, परत मागाय आली."

मी सांगितलं. यातल्या चार ड्रमांत विषारी केमिकल आहे. चूक आमची आहे. माझी आहे. हिरवा पट्टा असलेले चांगले, नसलेले वाईट. एका बाईनं पोराचा हात धरून त्याला मागे ओढलं.

टँकरवाला कुरकुरला, "मला अजून दोन वाड्या हायत."

सुमनताई त्याच्याकडे वळल्या. "पानी आमी पिनार हाव, तू नाय. थांब."

नऊ ड्रम भरून झाले होते. मी एकेक बघत गेले. पट्टा, पट्टा, पट्टा. सहाव्यावर नव्हता. मी शिर्क्यांना हाक मारली. शिर्क्यांनी आणि सुमनताईंनी मिळून तो भरलेला ड्रम जागेवर फिरवला. पट्टा पलीकडच्या बाजूला होता. एकाच ठिकाणी रंग मारून घाईत पुढे गेलेल्या आमच्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. नऊही साफ निघाले.

रिकाम्या रांगेत बिनपट्ट्याचे दोन सापडले. तिसरा एका बाईनं आधीच आंब्याखाली नेऊन ठेवला होता. "वास येत व्हता. मी बोलले, नको आपल्याला," ती म्हणाली. शिर्क्यांनी तिन्ही पिशव्यांत बांधले.

"चौथा?"

सुमनताईंनी डोकी मोजावीत तसे ड्रम मोजले. एकोणचाळीस. मग त्यांचा चेहरा बदलला. "तात्यांनी सकाळीच नेलान. त्यांचं घर वर हाय, एकलंच."

पायवाट चांगलीच चढाची होती. सुमनताई पुढे, मी मागे, शिर्के माझ्या मागे. माझी चप्पल दोनदा निसटली. वर पोचलो तर तात्या अंगणात बसलेले, ड्रम दोन्ही गुडघ्यांत धरलेला, आणि हातातल्या कोयतीच्या मुठीनं झाकणावर ठोके घालत होते.

"तात्या, हात काढा!" सुमनताई ओरडल्या.

तात्या दचकले. "अगो, झाकन निघत नाय सकाळपासून. जरा इस्तवावर धरतो म्हनलं, तर सुटंल."

चूल पेटलेली होती. शिर्क्यांनी ड्रम अलगद त्यांच्या गुडघ्यांतून काढून घेतला. आत राहिलेलं केमिकल झाकणाच्या आट्यांत सुकून घट्ट बसलं होतं. ज्यानं घात व्हायचा त्यानंच झाकण बंद ठेवलं होतं. शिर्क्यांनी तात्यांचे हात साबणानं दोन-दोनदा धुतले, उलटेसुलटे करून बघितले. काही नव्हतं. नुसते म्हाताऱ्याचे हात होते.

मी तिथेच पायरीवर बसले. तात्या माझ्याकडे बघत म्हणाले, "घाबरलीस काय गो बाय? बस. पानी पी."

मी हसायला लागले आणि मग डोळे पुसले. त्यांच्या माठातलं पाणी प्यायले. एवढं गोड पाणी मी कधी प्यायले नव्हते.

खाली येईपर्यंत टँकर थांबलेला होता. आमचे चार चांगले ड्रम रांगेत लावले, चाळीस पुरे झाले, आणि पाइप पुन्हा सुरू झाला. पोलिसांचा माणूस मोटारसायकलवरून आला तो बायकांच्या गर्दीत चहा पीत उभ्या असलेल्या आम्हाला बघून गोंधळला. तात्यांना शिर्क्यांनी जीपमधून पोलादपूरच्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरांनी बघून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला. "गेटवर पट्टे तपासले नाहीत" हे वाक्य माझ्या नावासकट घातलं. साहेबांनी वाचून सही केली आणि म्हणाले, "ड्रम परत आले, माणसं ठीक आहेत. आता असं परत होणार नाही एवढं बघा." मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता.

आता आमच्याकडे पट्टा ड्रमला सगळीकडून गोल मारतात. आणि लिलावाचा माल न्यायला कोणी आलं की मी त्याचा नंबर गेटवरच लावून बघते. फोन माझ्यासमोर वाजला, तरच गेटपासवर सही. गावात रेंज नसेल तर रेंज असलेल्या एका नातेवाइकाचा नंबर घेते, आणि तोही तिथल्या तिथे लावते. लोक वैतागतात. म्हणतात, मॅडम, फॉर्ममध्ये सगळं भरलंय की. मी म्हणते, भरलंय ते वाचलं, आता वाजवून दाखवा.